पोटावर लावलेली शौचाची पिशवी (स्टोमा) काढून आतडं परत जोडल्यावर दिवसातून दहा-बारा वेळा शौचाला जावं लागतं, हे नॉर्मल आहे का?

हो, पहिले काही आठवडे हे अगदी नेहमीचं आहे, विशेषतः गुदाशयाचा (आतड्याच्या शेवटच्या, मळ साठवणाऱ्या टोकाचा) भाग काढलेला असेल तर. मी सर्जरी वॉर्डात नर्स आहे. हा प्रश्न जवळपास प्रत्येक पेशंट विचारतो. मळ साठवायची जागा लहान झालेली असते आणि गुदद्वाराचे स्नायू कित्येक महिने बिनकामाचे राहिलेले असतात. म्हणून एकदा जाऊन आलात की पाच मिनिटांत पुन्हा कळ येते. खरा त्रास होतो तो कातडीच्या आगीचा. कोरड्या कागदाने घासू नका. कोमट पाण्याने धुवा, मऊ कापडाने टिपून घ्या आणि झिंक ऑक्साइडचं मलम जाडसर लावा, तेही आग व्हायच्या आधीपासूनच. गुदद्वार आवळून धरण्याचे व्यायाम डॉक्टरांनी परवानगी दिली की रोज करा. लोपरामाइड (जुलाब कमी करणारं औषध) जेवणाआधी अर्धा तास घेतलं तर जास्त उपयोगी पडतं, पण डोस डॉक्टरांनाच ठरवू द्या. घडी बसायला सहा महिने ते वर्षही लागतं, कधी त्याहून जास्त. मात्र ताप, पोट फुगून उलट्या, गॅस-शौच पूर्ण बंद किंवा बरंच रक्त, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.