विचारा बिनधास्त : कन्याकुमारीला जाताय ते ठीक, पण बोलणार कुणाशी?

प्रश्न : दादा नमस्कार. आम्ही चौघं मित्र, तासगावचे, तिघं सांगलीत कॉलेजला आहोत आणि एक जण घरच्या बेदाण्याच्या शेडवर असतो. माझ्या आजीला नेत्रदान करायचं होतं, तिने घरात दहा वेळा सांगून ठेवलेलं, पण ती पहाटे गेली आणि रडारड, पाहुण्यांना फोन यातच दुपार झाली, मग कुणाला तरी आठवलं, नेत्रपेढीला फोन केला तर पलीकडून सांगितलं आता उशीर झाला. ते डोक्यातून जात नाही. म्हणून आम्ही ठरवलंय की नेत्रदानासाठी सांगली ते कन्याकुमारी सायकलने जायचं, साधारण तेराशे किलोमीटर, बारा दिवसात. टीशर्टचं डिझाईन पण झालंय. एकाकडे गिअरची सायकल आहे, बाकीच्यांच्या साध्या. सायकल कोणती घ्यावी, सराव किती करावा आणि घरच्यांना कसं पटवावं ते सांगा.
— एक वाचक, तासगाव

उत्तर : मित्रा, टीशर्ट छापायला टाकला नसशील तर दोन दिवस थांब.

आधी माझी एक फजिती सांगतो. तुमच्याच वयाचे असताना आम्ही पाच जण ‘पाणी वाचवा’ असा बॅनर घेऊन सांगलीहून निघालो होतो, जतच्या पूर्व भागातून विजापूरला जायचं, गोलघुमट बघायचा आणि परत यायचं असा बेत, खरं तर गोलघुमटच बघायचा होता, पाणी नंतर जोडलं. एका गावात टँकर नुकताच आलेला, बायकांची घागरींची रांग लागलेली आणि आम्ही तिथंच शेजारी बॅनर धरून उभे. एक म्हातारी आमच्याकडे बघून म्हणाली, ‘लेकरा, आदी पाणी दे की, मग वाचवतो.’ आम्ही बॅनर गुंडाळला तो घरी आल्यावरच उघडला.

तुमचं कारण आमच्यासारखं उसनं नाही, घरातलं आहे. म्हणूनच विचारतो, निपाणीच्या पुढे गेल्यावर तुम्ही बोलणार कुणाशी आणि कुठल्या भाषेत? कन्नड येतं का? तमिळ? नेत्रदान ही हळू आवाजात, बसून, दोन वेळा समजावून सांगायची गोष्ट आहे, माणूस मेल्यावर काय करायचं हे तुम्ही अनोळखी माणसाला सांगताय. ते हातवारे करून होणार नाही. आणि बारा दिवसात तेराशे म्हणजे रोज शंभराच्या वर, संध्याकाळी गावात पोचाल तेव्हा बोलायची सोडा, जेवायची ताकद नसेल. कन्याकुमारी कुठे पळून जात नाही, ती नंतर हौसेसाठी करा, मीच झेंडा दाखवायला येतो.

माझं ऐकाल तर नागपूरला जा. हसू नकोस, हिशेब बघ. रत्नागिरी-नागपूर हायवे मिरजेवरूनच जातो, पुढे कवठेमहांकाळ, नागज, सांगोला, मंगळवेढा, सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा, नागपूर. सगळं मिळून आठशेच्या आसपास किलोमीटर आणि शेवटपर्यंत मराठीत भागतं. राष्ट्रीय नेत्रदान पंधरवडा दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर असतो, म्हणजे पंधरा दिवस. आठशेला पंधराने भागलं की रोज पन्नास-पंचावन्न येतात. सकाळी सहाला निघालात तर चहा-नाष्टा धरून अकरापर्यंत मुक्कामाला, दुपारी झोप आणि अख्खी संध्याकाळ गावात. शिवाय ऑगस्टात वारा पश्चिमेचा असतो, तुम्ही पूर्वेला चाललेले, म्हणजे पाठीवर हात ठेवून कुणीतरी ढकलतंय असं वाटेल. हाच रस्ता डिसेंबरात केलात तर वारा बऱ्याचदा तोंडावर येतो आणि सांगोल्याच्या माळावर ते काय असतं ते केल्याशिवाय कळत नाही. पाऊस लागेल, मराठवाड्यात जोराचा पण लागू शकतो, पण पावसाने सायकलवाला मरत नाही, फक्त चेन गंजते. निघायच्या आधी आयर्विन पुलाची पाणीपातळी मात्र बघा, चाळीस फुटांच्या पुढे गेली असेल तर घरातच थांबा, तेव्हा गावाला तुमची जास्त गरज असते, हे २०१९ च्या महापुरानंतर सांगलीवाल्याला मी काय सांगणार.

लातूरला तर आपली जुनी ओळख आहे, २०१६ ला मिरजेहून पाण्याची रेल्वे गेली होती तिकडे. सांगलीचे म्हटल्यावर चहाचे पैसे घेणार नाहीत असं मला उगाच वाटतं.

आता बोलायचं काय. बहुतेक रॅलीवाले संकल्पाचे फॉर्म भरून घेतात आणि किती भरले ते पेपरला देतात. ते वाईट नाही पण कॉलेजमधल्या वीस वर्षाच्या पोराने भरलेला फॉर्म उपयोगी पडायला साठ वर्षं लागणार (लागोत बाबा). आणि फॉर्म भरला असला तरी त्या वेळी घरच्यांची संमती लागतेच, उलट फॉर्म नसला पण घरच्यांनी ठरवलं तरी नेत्रदान होतं. तुझ्या आजीने सांगितलेलं होतं, घरच्यांचीही ना नव्हती, अडलं कुठे? वेळेवर आठवण करून द्यायला कुणी नव्हतं आणि नंबर हाताशी नव्हता. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात, घरातली माणसं त्या सहा तासात शुद्धीवर नसतात.

मग गावात मयत झाली की घरात पहिलं कोण येतं? शेजारी, पोलीस पाटील, आशाताई, भजनी मंडळातले आणि ते दोघं-तिघं जे प्रत्येक गावात असतात, कुणी न सांगता बांबू-कडबा आणतात आणि तिरडी बांधायला बसतात. तुमचं गिऱ्हाईक ते आहेत. मुक्कामाच्या गावी संध्याकाळी त्यांनाच पारावर नाहीतर देवळात बोलवा आणि सांगा की काका, तुम्ही तिरडी बांधायच्या आधी एक फोन करायचा, बाकी काही नाही. त्या त्या भागाला जवळची नेत्रपेढी कुठली, तिची माणसं कुठल्या गावापर्यंत येतात, रात्री फोन उचलतात का, हे निघायच्या महिनाभर आधी घरी बसून शोधा, प्रत्येक नंबरवर स्वतः फोन लावून बघा, आणि गावात गेल्यावर तो नंबर ग्रामपंचायतीच्या बोर्डावर ऑइलपेंटने लिहून या. पत्रकाचा उपयोग नाही, पत्रकात दुसऱ्या दिवशी भजी बांधतात.

लोक काय विचारतील तेही सांगतो. डोळे काढल्यावर चेहरा विद्रूप दिसतो का? नाही, पापण्या मिटलेल्या असतात, काही कळत नाही. किती वेळ लागतो? पंधरा-वीस मिनिटं, टीम घरी येते, पैसे कुणी कुणाला द्यायचे नसतात. चष्मा होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, शुगर-बीपी होतं, वय नव्वद होतं, तरी चालतं. एचआयव्ही, कावीळीचे बी-सी प्रकार, रेबीज, रक्तात पसरलेलं इन्फेक्शन असेल तर नाही. टीम येईपर्यंत पापण्या मिटवायच्या, वर ओल्या कापसाच्या घड्या, डोक्याखाली उशी आणि पंखा बंद, पंख्याने डोळे कोरडे पडतात. आणि एक खोटं बोलू नका, नेत्रदानाने सगळ्या अंधांना दिसतं असं नसतं, डोळ्याच्या समोरचा काचेसारखा पडदा म्हणजे कॉर्निया खराब झालेल्यांनाच त्याचा उपयोग होतो. काचबिंदूने गेलेली नजर याने येत नाही. कुणीतरी आपल्या आंधळ्या भावाला घेऊन तुमच्यापुढे उभा राहील तेव्हा हे माहीत असलेलं बरं. पुढच्या जन्मी आंधळा होतो म्हणणारा एक जण हमखास भेटेल, त्याच्याशी वाद घालू नका, आजीची गोष्ट सांगा.

सायकलचं म्हणशील तर नवीन घेऊ नका. रोज पन्नासला साधी सायकल पण चालते, बेअरिंग, ब्रेक, टायर नवे करून घ्या आणि सीटची उंची नीट करा, पेडल खाली असताना गुडघा किंचितच वाकला पाहिजे, आपल्याकडे निम्मे लोक सीट खाली ठेवून गुडघे घालवतात. गिअरवाल्याच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक, प्रेस्टा असेल तर अ‍ॅडॅप्टर ठेवा, गावातल्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला बसत नाही. प्रत्येकाकडे जादा ट्यूब, चौघात एक पंप आणि पंक्चर काढायला चौघांनाही आलं पाहिजे. पॅडची चड्डी घ्या आणि तिच्या आत दुसरी घालू नका, हे कुणी सांगत नाही आणि तिसऱ्या दिवशी पोरं रडतात. सरावाला दंडोबाचा डोंगर आहेच, आठवड्यातून दोनदा दंडोबा करून या आणि शेवटच्या महिन्यात सलग तीन दिवस पन्नास-पन्नास मारा, एक दिवस कुणीही मारतं, दुसऱ्या दिवशी सकाळी परत सीटवर बसायला होतं का ते बघायचं असतं. अंधारात हायवेला नाही म्हणजे नाही. हेल्मेट, मागे लाल लाईट, एकामागे एक, आणि कानात हेडफोन दिसला तर त्याला पहिल्या एसटीने घरी पाठवा. खिशात भडंग आणि शेंगदाण्याचे लाडू, पाण्यात मीठ-साखर. नांदेडला गुरुद्वाऱ्यात लंगर आहे, तिथे पोटभर जेवा आणि ताटं घासायला हात लावा.

घरच्यांना नागपूर सांगितलं की निम्मं काम होतं, कन्याकुमारी म्हटलं की आईच्या डोळ्यापुढे समुद्रच येतो. उरलेल्यासाठी बाबा आमट्यांचं नाव घ्या. १९८५ साली सत्तरी ओलांडलेले बाबा शंभरावर तरुण-तरुणींना घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले होते, भारत जोडो म्हणून. पोरं सायकलवर आणि बाबा गाडीत आडवे, कारण मणक्याच्या दुखण्यामुळे त्यांना बसताच येत नव्हतं. तुझ्या वडिलांच्या पिढीला हे आठवत असेल.

प्रश्न : भाऊ, माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे, कॉलेजच्या ग्रुपबरोबर सायकलवर सांगली ते गोवा जायचं म्हणते, प्लॅस्टिकबंदीसाठी. ग्रुपमध्ये सहा मुलं आणि ही एकटी मुलगी. नाही म्हटलं तर वेदांगी कुलकर्णीचं उदाहरण देते. मी काय करू?
— एक आई, विश्रामबाग

उत्तर : ताई, वेदांगी पुण्याची, २०१८ साली विसाव्या वर्षी १५९ दिवसात सायकलवर जगभर २९ हजार किलोमीटर करून आली, त्यातलं बरंचसं एकटीने. त्यामुळे उदाहरणात तुम्ही हरलात, ते सोडून द्या.

पण एकटी मुलगी हा मुद्दा मला पण पटत नाही, आणि भीती त्या मुलांची नाही. पाळी आली, पोट बिघडलं, आज दम नाही असं म्हणायचं झालं तर ती सहा जणांपुढे म्हणणार नाही, दात ओठ खाऊन सायकल मारेल आणि घाटात पडेल. अजून एक मुलगी शोधा ही अट घाला, एवढी एकच. मिळते, नाही मिळत असं होत नाही, बरेचदा दुसरीच्या आईलाही पहिलीची आईच हवी असते. लघवीला पेट्रोलपंप बघून थांबायचं आणि त्यासाठी पाणी कमी प्यायचं नाही, हे दोघींना आधीच बजावा, बहुतेक मुली पाणीच कमी पितात आणि आजारी पडतात. फोन दिवसातून दोनदा, वेळ ठरवून, तुम्ही मध्ये करायचा नाही. चालू सायकलवर आईचा फोन घेणं ट्रकपेक्षा धोक्याचं. राहवलं नाही तर एसटीने मुक्कामाच्या गावी जाऊन बसा, पण आधी सांगून.

आणि प्लॅस्टिकबंदीसाठी निघालेत तर पाण्याच्या बाटल्या विकत घेत जाणार आहेत का तेवढं विचारा तिला.

प्रश्न : आमच्या गावावरून अशा सायकल यात्रा जातात. मंडळातर्फे शाळेत मुक्काम देतो, सत्कार करतो. पोरं नीट बोलत पण नाहीत, पेंगतात. आमचं काही चुकतं का?
— एक मंडळ, पलूस तालुका

उत्तर : चुकतं. शाल-श्रीफळ देता ना? दहा गावात दहा नारळ, ते सायकलला कुठे बांधायचे? नारळ द्यायचाच तर फोडून द्या. पाहुणे येईपर्यंत पोरांना स्टेजवर बसवून ठेवू नका, आमदारसाहेब नवाला येणार असतील तर त्यांच्या हस्ते झोपलेल्या पोरांचा सत्कार करा. आल्या आल्या अंघोळीला गरम पाणी, कपडे वाळत घालायला दोरी, चार्जिंगला दोन-तीन एक्स्टेन्शन बोर्ड आणि सातच्या आत भाकरी-आमटी. पाय वर करून पडली की अर्ध्या तासाने आपोआप बोलायला लागतात, तेव्हा चार माणसं शेजारी सतरंजीवर बसा, माईक नको. गावातला पंक्चरवाला बोलावून ठेवलात तर तुमचं नाव नागपूरपर्यंत जाईल.

आणि शाळेच्या गेटची किल्ली रात्रीच त्यांच्याकडे देऊन टाका. पहाटे पाचला किल्लीवाल्या शिपाईमामांना उठवायला गावभर फिरलोय मी, तेही त्यांचं घर माहीत नसताना.