जुन्या घरातली लाकडी जमीन काळवंडली आहे. घासून पुन्हा नीट करावी की फळ्याच बदलाव्यात?

फळ्या काढायची घाई अजिबात करू नका. जुनं लाकूड बऱ्याचदा वरून खराब दिसतं, आतून ठणठणीत असतं. आधी पाण्याचे दोन थेंब टाकून बघा. थेंब तसाच वर राहिला तर पॉलिश अजून शाबूत आहे. पुसून, हलकं घासून नवा एक हात दिला तरी भागेल. थेंब लगेच मुरून काळसर डाग पडला, तर मात्र पूर्ण घासावं लागेल.

भिंतीकडेच्या फळ्यांवर स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबा. सहज आत गेलं तर ती फळी कुजलीय किंवा वाळवीनं पोखरलीय. तेवढीच बदला, पण ओल कुठून येते ते आधी शोधा.

वर आलेले खिळे दोन-तीन मिलिमीटर आत ठोका, नाहीतर पॉलिश पेपर फाटतो. घासायला सुरुवात 40 नंबरच्या खरखरीत पेपरनं, मग 60-80, शेवटी 100-120 नंबरचा बारीक, आणि शक्यतो लाकडाच्या रेषांच्या दिशेनं. मधला नंबर गाळला तर राहिलेले ओरखडे पॉलिश चढल्यावर उठून दिसतात. घासायचं मशीन चालू असताना एका जागी थांबवू नका, खळगा पडतो.

जुन्या रंगात शिसं असू शकतं. तपासल्याशिवाय घासू नका. घरात लहान मुलं असतील तर मुळीच नाही. आणि लाकडाला जवसाचं तेल लावलंत, तर ते लागलेल्या चिंध्या चुरगळून टाकू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. बाहेर मोकळ्यावर पसरून वाळवा.