तुटलं कुठून, ते आधी बघ

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

समुद्रलिलीवर काम करायचंय, पण सोलापुरात राहून कसं, असं तू विचारलंस. इथे समुद्र नाही, खरंय. पण ही लिली राहते शंभर-शंभर मीटर खोल पाण्यात. मुंबईच्या पोरांनाही ती चौपाटीवर सापडत नाही. तेव्हा ते कारण मनातून काढून टाक.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मात्र मला खटकलं. "तिचा तुटलेला अवयव पुन्हा येतो." एवढ्यावर थांबू नकोस गं. तुटला कुठून, मागे काय उरलं? ही फुलासारखी दिसते, पण आहे तारामाशाच्या भावकीतली. देठाच्या टोकाला बाहूंचा झुपका. माशाने बाहू धरला, तर तो ठरावीक सांध्यातूनच सुटतो आणि तिथूनच नवा कोंब धरतो. १९९२ साली अमेमिया आणि ओजी या जपानी संशोधकांनी दाखवलं, की अख्खा झुपका गेला तरी तो पुन्हा येऊ शकतो. मात्र झुपक्याच्या तळाचं मज्जाकेंद्र, म्हणजे नसांचं केंद्र, देठावर शाबूत हवं. सगळं त्या उरलेल्या तुकड्यावर आहे.

माझे वडील सोलापूरच्या पूर्व भागात चादरी विणायच्या मागावर होते. तार तुटली की माग थांबवून गाठ मारायचे. चादर उलटी केली की ती गाठ माझ्या बोटाला लागायची. लिलीच्या जीवाश्मांतही असा जोड दिसतो: जाड बाहू मध्येच एकदम बारीक होतो, तिथून पुढचा भाग नव्याने आलेला. बाउमिलर आणि गान या संशोधकांनी असेच जोड मोजले आणि २००४ मध्ये मांडलं, की डेव्होनियन काळात, म्हणजे सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वी, शिकारी मासे वाढले तसे हे जोडही वाढले. दगडातल्या गाठींवरून माशांचा हिशेब! मला अजूनही याचं अप्रूप वाटतं.

तू सुरुवात घरातल्या ट्यूबलाइटपाशी कर. शेपूट तुटलेली पाल दिसली की दर रविवारी तिचं चित्र काढ. पुन्हा आलेल्या शेपटीत मणके नसतात, कूर्चेची नळी असते. वरच्या खवल्यांची ठेवणही बदलते. लिलीचा बाहू मात्र सांध्यांसकट परत येतो. हा फरक पुस्तकात वाचण्याआधी पालीच्या जोडापाशी तुझी नजर बसू दे. आणि शेपूट मुद्दाम तोडायची नाही, हे बजावून सांगतो.

चार रविवारांची चित्रं झाली की वही घेऊन घरी ये. काही चुकलं तर खोडू नकोस, शेजारी नवं काढ.

तुझे सर