गोगलगायींचे शंख पांढरे का पडतात?

प्रश्न : 40 लिटरच्या नव्या टाकीत विहिरीचं पाणी भरून आठवड्यातच चार गोगलगायी सोडल्या. पाणी गढूळलंय, त्या काचेच्या वरच्या कडेला चिकटून बसतात, शंखांची टोकं पांढरी पडलीत.
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : वर चढणं बहुधा अमोनियामुळे, म्हणजे गोगलगायींच्या विष्ठेतून पाण्यात साचणाऱ्या विषारी द्रव्यामुळे. तो पचवणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वाढायला 4 ते 6 आठवडे लागतात. तोवर रोज 10 लिटर पाणी बदला. स्पंज टाकीतून काढलेल्याच पाण्यात खळबळा, म्हणजे जिवाणू टिकतील.

शंखांचं कारण वेगळं. जांभ्यातलं आपलं विहिरीचं पाणी बहुतेकदा मऊ, किंचित आम्लधर्मी असतं. शंखातला चुना विरघळतो. किनाऱ्यावर मिळणारा समुद्रफेन (माकुलाच्या अंगातलं चुन्याचं पांढरं कवच) गोड्या पाण्यात दोन-तीन दिवस भिजवून अंगठ्याएवढा तुकडा टाका, पण अमोनिया उतरल्यावरच. समुद्रफेनाने पाण्याची आम्लता घटते, म्हणजे पीएच चढतो, आणि पीएच चढला की अमोनिया अधिक जहाल होतो. झिजलेलं टोक भरत नाही, शंखाच्या तोंडाची नवी कड मात्र घट्ट येते. तांबं असलेली माशांची औषधं चुकूनही नकोत, गोगलगायी मरतात.