आपल्याकडे वर्णद्वेष आहे का, की तो फक्त गोऱ्यांचा रोग?

प्रश्नकर्त्याने पुढे विचारलंय, ‘कुणी प्रत्यक्ष अनुभवलाय का?’

मी केलाय. बडोद्यात, माझ्या राहत्या घरी, 2018 च्या जूनमध्ये.

आमचं घर दांडिया बाजारात. अर्धा जुना वाडा, अर्धं नवं बांधकाम. वरची खोली आम्ही विद्यार्थ्यांना भाड्याने देतो. त्या दिवशी दलाल एका मुलाला घेऊन आला. फोनवर त्याने ‘सारो छोकरो छे’, मुलगा चांगला आहे, एवढंच सांगितलं होतं. मुलगा टांझानियाचा निघाला. दारात बूट काढून त्याने जोडी भिंतीला सरळ लावून ठेवली. आईने पाणी दिलं, ते बसून प्यायला. वर जाऊन पंखा लावून बघितला, खिडकी उघडून बघितली, आणि नळाला पाणी किती वाजता येतं ते विचारलं. (हा प्रश्न विचारणारा भाडेकरू शहाणा असतो, हे आमच्या बाबांचं मत.) मी म्हटलं, ‘सॉरी, कालच एकाला शब्द दिलाय.’

साफ खोटं. फाटकावर ‘खोली भाड्याने देणे आहे’ ही पाटी तशीच लटकत होती, आणि खाली इंग्रजीत हे ठसठशीत ‘टू लेट’. जाताना तो तिच्यापाशी जरासा थांबला, मग ‘थँक यू, सर’ म्हणून निघून गेला. संध्याकाळी दलालाचा फोन: ‘भाई, ना पाडवी होय तो पाटियुं तो उतारो.’ नाही म्हणायचं तर पाटी तरी उतरवा.

कारणं माझ्याकडे तयार होती. पोलिसांची कटकट, शेजारी काय म्हणतील, आई शाकाहारी. पण चारच वर्षांपूर्वी फाइन आर्ट्सला आलेली एक जर्मन मुलगी त्याच खोलीत सात महिने राहिली होती. परदेशी माणूस घरात ठेवला की त्याची माहिती 24 तासांत ऑनलाइन भरायची असते. ती मी तेव्हा हौसेने भरली होती. ती खोलीत अंडी उकडायची, ते आम्हाला चालायचं. शेजाऱ्यांना तर आम्हीच बोलावून तिची ओळख करून दिली. आणि आईला मी विचारलंच नव्हतं. रात्री तीच म्हणाली, ‘का रे नाही म्हणालास? बूट किती नीट ठेवले होते त्याने.’

आता बडोद्यात राहून खोली नाकारायची म्हणजे कमाल आहे. सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन आंबेडकर 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले आणि कराराप्रमाणे संस्थानाची नोकरी करायला 1917 मध्ये इथे आले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले. ते उघडकीला आलं आणि अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेली दहा-बारा माणसं दारात उभी राहिली. मग त्यांनी दोन मित्रांकडे विचारलं. त्यातला हिंदू म्हणाला, तू आलास तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्राला बायकोला विचारायचं होतं. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. काठ्या घेऊन आलेल्यांपेक्षा मला हे दोघे जास्त ओळखीचे वाटतात. स्वतः नाही म्हणायचंच नाही, नकार कायम दुसऱ्याच्या तोंडून. एकाचे नोकर, दुसऱ्याची बायको, माझी आई.

शेवटी आंबेडकर बडोदं सोडून निघाले. मुंबईच्या गाडीला वेळ होता म्हणून ते इथल्या कमाटीबागेत बसून राहिले. अस्पृश्यता संपवायचा संकल्प त्यांनी तिथे केला असं मानतात, म्हणून तिथल्या संकल्पभूमीवर दर 23 सप्टेंबरला लोक जमतात. मी लहानपणापासून त्याच बागेत माकडं बघायला जातोय.

‘ती जात झाली, वर्णद्वेष वेगळा’ असं कुणी म्हणेलच. 2001 मध्ये दरबानच्या वर्णद्वेषविरोधी परिषदेत आपल्या सरकारचीही हीच भूमिका होती. शास्त्रात फरक असेल, आहेही. पण स्वतः आंबेडकरांनी 1946 मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्यांची आणि निग्रोंची (तेव्हा हाच शब्द होता) स्थिती किती सारखी आहे ते सांगितलं होतं. दोन्हीकडे राहून आलेल्या माणसाचं मत आहे, मी ते मानतो.

आणि काळा माणूस परदेशीच असतो हे तरी कुणी ठरवलं? आपल्या मराठवाड्यात खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, वसवणारा मलिक अंबर मूळचा इथिओपियाचा, गुलाम म्हणून विकला गेलेला. जंजिऱ्याचे सिद्दी, तेही मूळ आफ्रिकेतलेच, शाळेत सगळ्यांनीच वाचलेत. बडोद्याहून फार लांब नाही, झगडिया तालुक्यातल्या रतनपूरला, बावा गोरच्या दर्ग्याशी सिद्दी लोक कित्येक पिढ्यांपासून आहेत. एकदा भरूचच्या बस स्टँडवर माझ्या मित्राने एकाला मोठ्या अदबीने विचारलं, ‘विच कंट्री?’ तो शेंगा सोलत होता. मान वर न करता म्हणाला, ‘झगडिया.’

कायद्याचं म्हणाल तर घटनेच्या पंधराव्या कलमात धर्म, जात, लिंग यांच्याबरोबर ‘वंश’ हा शब्द स्पष्ट आहे. दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव यांचीही नावं आहेत. पण ते कलम नागरिकांसाठी आहे, आणि मी तर एका परदेश्याला माझ्या खाजगी घरातली खोली नाकारली होती. म्हणजे त्या कलमाखाली मला कुणी काही विचारू शकत नव्हतं. पुढे दोन महिने खोली रिकामी राहिली, मग नाशिकचा एक मुलगा आला. तो रात्री दोनला मोठ्याने फोनवर बोलतो, पण ते असो.

2 जून 2020 ला, अमेरिकेत पोलिसाने मारलेल्या कृष्णवर्णीय जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर जगभर लोक निषेध म्हणून काळा चौकोन लावत होते, तेव्हा मीही व्हॉट्सॅपच्या स्टेटसला लावला. अर्ध्या तासाने कुणीकुणी बघितलं ते पाहायला गेलो, तर सगळ्यात वर त्या दलालाचं नाव.

स्टेटस मात्र मी लगेच उतरवलं.