वाचकांचे प्रश्न : आजींना रंगाची वही नको, काम हवंय

या वेळच्या पत्रांमधली चार पत्रं एकाच विषयाच्या आजूबाजूची निघाली, म्हातारपण, देवावरचा विश्वास आणि हाताने काहीतरी घडवणं, आणि चारही नागपूरचीच. म्हणून आजची सगळी जागा त्यांनाच देते. नावं छापत नाहीये.

प्रश्न : ताई, सलाम. मी काटोल रोडकडच्या एका ख्रिस्ती ज्येष्ठ निवासात आठवड्यातून दोन दिवस सेवा म्हणून जाते. २०-२२ जण आहेत, बहुतेक पंचाहत्तरीच्या पुढचे. मी रंगाच्या वह्या, स्केचपेन, मणी असं सगळं घेऊन जाते पण कोणी हात नाही लावून राहिलं. एक आजी नर्स होत्या, त्या तर म्हणाल्या मी काय बालवाडीत बसली का. आणि पाळकसाहेब म्हणतात या वयात वचन वाचावं, प्रार्थना करावी, ह्या खेळात वेळ काऊन घालवता. मला दोघांचंही थोडं थोडं पटते. काय करू?

उत्तर : ताई, आजींचं पूर्ण बरोबर आहे आणि हे मी स्वतः चुकून शिकलेय. ३५ वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवलं, तरी माझी आत्या अशाच एका निवासात राहायला गेली तेव्हा मीही तिला रंगवायची वही आणि खडूचा डबा नेऊन दिला. तिने आयुष्यभर चर्चच्या वेदीवरची कापडं भरली होती, पांढऱ्यावर पांढरा दोरा, इतकं बारीक की उजेडाकडे धरल्याशिवाय द्राक्षवेल दिसायची नाही. महिन्याने गेले तर वही उशीखाली तशीच कोरी, आणि आत्या खिडकीत बसून पडद्याची उसवलेली दुमड शिवतेय. सुई कुठून आणली विचारलं तर गप्प. तिथे सुया-कात्र्या सुरक्षेसाठी ऑफिसात कुलुपात असायच्या, हिने धोब्याच्या मुलीकडून मागून घेतली होती आणि दोरा स्वतःच्या जुन्या परकराचा ओढून काढलेला. मला फार लाज वाटली हो. ज्या बाईला सुई हवी होती तिला मी खडू दिले.

म्हणून पुढचे दोन आठवडे काही म्हणजे काहीच नेऊ नका. नुसतं एकेकाजवळ बसा आणि विचारा की तुमच्या हातांनी आयुष्यभर काय केलं. आवड विचारू नका, आवड काय म्हटलं की माणसं म्हणतात काही नाही बाई आता कसली आवड. काम विचारलं की बोलतात. कोणी रेल्वेत फिटर निघेल, कोणी नाताळाला शंभर माणसांची करंजी लाटलेली असेल, कोणाला शिंदीच्या पानांचं विणकाम येत असेल. नर्स आजींना जमलं तर नवजात बाळांच्या गोधड्यांचं काम त्यांच्या देखरेखीखाली द्या, बाळाच्या कातडीला कुठलं कापड टोचतं आणि शिवण कुठल्या बाजूला हवी हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार? मऊ झालेली सुती लुगडी, साड्या घरोघरी पडून असतात. सुईचं नाक मोठं घ्या, आठ-दहा सुया आधीच ओवून ठेवा, उजेड खिडकीचा हवा, आणि पाऊण तासाच्या वर ताणू नका. एप्रिल-मे मध्ये तर सकाळी साडेसातलाच बसा, नंतर आपल्या नागपुरात कुलरसमोरसुद्धा बोटं घामाने घसरतात.

दुसरी गोष्ट मला याहून मोठी वाटते. जे बनेल त्याला घेणारा हवा. कपाटात जाणारं काम माणसाला लगेच कळतं. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, चर्चमध्ये हातात धरायचे पानांचे क्रूस तुमच्या निवासातून जाऊ द्या ना, मंडळीत दीडशे माणसं असतील तर दीडशे क्रूस, आणि ते वेळेवर लागणारच, रविवार काही पुढे ढकलता येत नाही. पानं आदल्या दिवशी पाण्यात भिजवली की दुमडताना चिरत नाहीत. वर्षभर ते क्रूस घराघरात बायबलमध्ये, फोटोमागे राहतात, आणि ज्या मंडळ्यांमध्ये राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, पाळतात तिथे पुढच्या वर्षी तेच जाळून त्याची राख कपाळाला लावतात. म्हणजे ८० वर्षांच्या हाताने दुमडलेलं पान मंडळीतल्या लहान पोराच्या कपाळावर जातं. याला टाईमपास कोण म्हणेल?

आता पाळकसाहेब. त्यांच्याशी वाद नका घालू, त्यांना बायबलातल्या निर्गमचा ३१ वा अध्याय काढून द्या. तिथे बसालेल नावाचा कारागीर आहे, आणि देवाच्या आत्म्याने त्याला भरलं असं जे लिहिलंय ते उपदेश करायला नव्हे, सोनं, चांदी, पितळ, लाकूड, दगड घडवायला. पुढे ३५ व्या अध्यायात बायका सूत कातून निवासमंडपासाठी, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूसाठी, आणून देतात. आणि प्रेषितांची कृत्ये ९ मध्ये टबीथा नावाची शिष्या वारते तेव्हा विधवा बायका रडत रडत पेत्राला काय दाखवतात, तर तिने शिवलेले कपडे. तिची साक्ष म्हणजे ते शिवणच. तरीही साहेबांचा मुद्दा मी टाकून देत नाही, वचन हवंच, म्हणून त्यांनाच बोलवा, हात चालू असताना त्यांनी एक स्तोत्र सावकाश वाचावं. ९२ वं घ्यायला सांगा, नीतिमान म्हातारपणातही फळ देत राहतात असं त्याच्या शेवटी आहे. माझा अनुभव असा की हात गुंतले की कान जास्त उघडतात, नुसतं बसवून वाचलं तर अर्ध्या जणांना डुलकी लागते. आणि ज्यांना काहीच करायचं नाही त्यांना तसंच बसू द्या, शेजारी असणं पुरे.

प्रश्न : मी ८१ वर्षांचा, पूर्वी मेकोसाबागेत राहायचो, आता निवासात आहे. ४० वर्षं गायन मंडळीत पेटी वाजवली, तीसेक भजनं स्वतः रचली. आता हात थरथरते, पेन धरल्या जात नाही. वर्ष झालं एक ओळ लिहिली नाही. देवाने दिलेलं दान त्यानेच परत घेतलं असं समजावं का?

उत्तर : नाही काका, असं समजू नका. रोमकरांस पत्राच्या ११ व्या अध्यायात पौल सांगतो ना, देव आपली दानं मागे घेत नाही. हात थकलेत, दान नाही. पण आधी डॉक्टरांना दाखवा, कारण थरथर बऱ्याच प्रकारची असते, काही औषधाने कमी होते आणि काही तर चालू असलेल्या दुसऱ्याच गोळीमुळे आलेली असते, म्हणून सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्या.

आणि काका, भजन लिहावंच लागतं असं कोणी सांगितलं? आपल्या आज्या-पणज्यांनी जात्यावर ओव्या रचल्या त्यातल्या कितीजणींना अक्षर येत होतं? मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू करा आणि म्हणा, चाल पण त्यातच राहते, कागदावर ती राहत नाही. लक्ष्मीबाई टिळकांचं बघा. शाळेत गेल्या नाहीत. रेव्हरंड टिळक १९१९ मध्ये वारले तेव्हा त्यांचं ख्रिस्तायन, येशूच्या जीवनावरचं काव्य, मोजक्या अध्यायांवर थांबलं होतं, ते पुढे नेऊन लक्ष्मीबाईंनी पुरं केलं, साठीकडे झुकलेलं वय, वैधव्य, पैशाची ओढाताण, सगळं असताना. हे टिळक पती-पत्नी काही काळ आपल्या नागपुरातही राहून गेलेत.

पण तुम्हाला मी नवीन भजनाच्या आधी जुन्या तीसांचं काम सांगणार. त्यांच्या चाली आज फक्त तुमच्या डोक्यात आहेत ना? मग मंडळीतला पेटी वाजवणारा एखादा पोरगा रविवारी दुपारी तासभर बोलवा, तुम्ही म्हणायचं, त्याने वाजवून पक्कं करायचं, एका वेळी एकच भजन. सात-आठ महिन्यांत सगळी होतील. निवासात सगळे मिळून गाताना पेटी काळी चारवर लावत असाल तर खाली पांढरी चारवर आणा, वयाबरोबर बायकांचा आवाज उतरतो आणि वरचे सूर पोचत नाहीत म्हणून माणसं गाणंच सोडतात, विश्वास उडालेला नसतो. तुमच्या हाताखाली तयार झालेला पोरगा पुढे स्वतःची ओळ रचेल तेव्हा मला जरूर कळवा.

प्रश्न : आईला स्मृतिभ्रंश आहे, मला ओळखत नाही, पण उपासनेतलं गीत सुरू झालं की चारही कडवी म्हणते. मग मी हे कोण, ते कोण विचारते तर रडायला लागते. मी काय चुकून राहिली?

उत्तर : विचारणं तेवढं बंद करा बाई, बाकी काही चुकत नाहीये. लहानपणी पाठ झालेली गाणी या आजारात खूप उशिरापर्यंत टिकतात, नावं आधी जातात. तुम्ही परीक्षा घेता तेव्हा तिला काहीतरी हरवलंय एवढंच कळतं. त्यापेक्षा शेजारी बसून त्याच सुरात गा, आणि हातात काहीतरी द्या, कणकेचा गोळा, लोकरीचा गुंडा, सोलायला वाटाणे. ती तुम्हाला मुलगी म्हणून ओळखणार नाही कदाचित, पण सोबत गाणारी कोणीतरी आपली आहे हे तिला नक्की जाणवतं, मी आत्याच्या शेवटच्या वर्षात हे रोज पाहिलंय.

प्रश्न : आमच्या आईने निवासात नाताळचा गोठा करायला घेतला आहे. त्यात तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल ठेवला, मरीयेला नऊवारी नेसवली. काही नातेवाईक म्हणतात हे बायबलला धरून नाही. तिचं मन खट्टू झालं.

उत्तर : तर मग नातेवाईकांना लूकचा दुसरा अध्याय वाचायला द्या. त्यात गव्हाण आहे, बैलही नाही आणि गाढवही नाही! हे दोघे यशयाच्या पहिल्या अध्यायातून आलेत, बैल आपल्या धन्याला ओळखतो, गाढव धन्याची गव्हाण ओळखतं, त्यावरून. आणि असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेचो गावात नाताळाला खरी गव्हाण मांडली तेव्हा खरा बैल आणि खरं गाढव उभं केलं होतं, त्या गावातलाच बैल. मग नागपूरकर बाईच्या गोठ्यात कुठला असणार? ज्याला दोरी बांधून लहानपणी दारोदार फिरवला, बोजारा, म्हणजे पोळ्याचे पैसे-खाऊ, मागितला, तोच ना. साडीचं म्हणाल तर गोव्याचे चित्रकार अँजेलो दा फोन्सेका पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून मरीया भारतीय वेषातच रंगवायचे, त्यांच्यावरही टीका झाली होती, तरी ते १९६७ ला वारले तोवर रंगवत राहिले. मला तर आईंचा गोठा बघायला यायला आवडेल.

एकच सुचवते, गव्हाण २४ च्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवा, बाळ त्या रात्रीच ठेवायचं, आणि ठेवायचा मान आईंचा. बैलाची शिंगं सैल झाली असतील तर आधीच फेविकॉल लावून दोन दिवस वाळू द्या, त्या रात्री सगळी नातवंडं त्याला हात लावणार.