गावातल्या छोट्या मंडळीत आगमनकाळ कसा पाळतात?

तुम्ही लिहिलंय की छिंदवाड्याकडच्या लूथरन पंथाच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तुम्ही वाढलात, बदलीमुळे आता कोल्हापुरात आहात, आणि इकडच्या खेड्यांतल्या मंडळ्या नाताळाआधीचे चार रविवार, म्हणजे आगमनकाळ, पाळतात की थेट नाताळच करतात, हे तुम्हाला जाणून घ्यायचंय. शहरातलं तुम्हाला कुणीही सांगेल. मी आमच्या गावाचं सांगते. भोगावतीकाठचं गाव, मंडळीची चौदा घरं, आणि चार गावांना मिळून एक पाळकसाहेब. ते महिन्यातून एखादा रविवार आमच्या वाट्याला येतात, बाकीच्या वेळी वडीलमंडळींपैकी कुणीतरी उपासना घेतं.

पाळतो आम्ही. पण तुमच्याइतकं जुनं नाही ते आमच्यात. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले, पुढे हे मिशन प्रेस्बिटेरियन पंथाच्या लोकांकडे गेलं. त्या वळणात रविवार मोठा, चर्चच्या वर्षातले काळ आणि रंग वगैरे फारसे नाहीत. माझ्या आजीला ‘आगमनकाळ’ हा शब्दच माहीत नव्हता. तिच्यासाठी डिसेंबर म्हणजे नाताळ. मग १९७० मध्ये वेगवेगळे पंथ एक होऊन उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली, त्यात प्रेस्बिटेरियन आणि आगमनकाळ पाळणारे अँग्लिकन दोघंही आले, तसे हे चार रविवार आमच्याही अंगवळणी पडत गेले. नागपुरात ते ऐक्य झालं तो दिवस २९ नोव्हेंबरचा. त्या वर्षी आगमनाचा पहिला रविवार नेमका तोच होता. मला हे फार आवडतं. तुमच्या लूथरन मंडळ्या त्या ऐक्यात आल्या नाहीत, पण चार मेणबत्त्यांचं चक्र आम्ही घेतलंय ते तुमच्याकडूनच.

पाळकसाहेबांनी आम्हाला ती हकीकत सांगितली होती. योहान विखर्न नावाचे लूथरन पाळक हॅम्बुर्गमध्ये गरीब मुलांचं वसतिगृह चालवायचे. पोरं रोज विचारायची, नाताळ कधी? म्हणून त्यांनी १८३९ साली गाडीचं जुनं चाक घेऊन त्यावर मेणबत्त्या लावल्या. रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या, मधल्या दिवसांच्या वीस लहान तांबड्या. रोज एक जास्त पेटवायची, म्हणजे पोरांना दिवस मोजता येतील. हे ऐकून आमच्यातले एक काका उठले आणि बंद पडलेल्या गुऱ्हाळामागे गंजत पडलेली बैलगाडीच्या चाकाची धाव घेऊन आले. तीच अजून वापरतो. टेबलासमोर चार विटांवर ठेवायची, सुरूच्या डहाळ्या गुंडाळायच्या, विटांच्या डोक्यावर चार मेणबत्त्या, दर रविवारी एक जास्त पेटवायची. टेबलावर आगमनकाळाचा रंग म्हणून वांगी रंगाच्या जुन्या इरकली लुगड्याचं कापड. तुमच्याकडे कदाचित निळं असेल, काही लूथरन मंडळ्यांत ते असतं.

आता खरी गोष्ट. पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या मध्ये कधीतरी येतो, आणि तेव्हा आमच्याकडे ऊस चालू असतो. कारखान्याची तोड कधी येईल याचा भरवसा नाही. आली की घरातलं प्रत्येक माणूस फडाकडे. म्हणून या चार रविवारी सकाळची उपासना आम्ही संध्याकाळी सातला नेलीय. माणसं अंगावरचा उसाचा पाला झटकून येतात, बाहेर बैलांपुढे वाढं टाकलेलं असतं. दुसऱ्या रविवारी योहान बाप्तिस्मा करणाऱ्याचा शास्त्रपाठ असतो, प्रभूसाठी वाट सरळ करा, खोलगट जागा भरून काढा, असा. आमच्या पंचांना त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ट्रॉली शेतापर्यंत यायची तर पाणंद दुरुस्त करावी लागते, खड्ड्यात मुरूम टाकावा लागतो, आणि शेजाऱ्याशी वाकडं असेल तर आधी ते मिटवावं लागतं, नाहीतर तो आपल्या बांधावरून गाडी जाऊ देत नाही. एका वर्षी दोन भावांचं असंच अडलं होतं. त्या रविवारी दोघंही उपासनेला होते. बुधवारी मुरूम पडला.

बुधवारचं म्हणाल तर तुमच्या मंडळीत या काळात बुधवारी संध्याकाळी जादा उपासना असायची ना? आमच्याकडे बुधवारी घरोघरी पाळीपाळीने प्रार्थनासभा असते. पेटी, झांज, नारायण वामन टिळकांची पदं, मग चहा. महिला मंडळाच्या करंज्याही अशाच पाळीने, आज यांच्याकडं उद्या त्यांच्याकडं. नाताळच्या चांदण्या मात्र मी म्हणेन उशिरा लावाव्यात. हल्ली पोरं पहिल्याच आठवड्यात लाइटिंग करून मोकळी होतात, मला ते पटत नाही. वाट बघायचे दिवस आहेत, वाट बघूया की.

चार-पाच वर्षांपूर्वी चर्चच्या मागच्या रानात ऊसतोड टोळी उतरली होती. त्यातलं एक जोडपं नगरकडचं, ख्रिस्ती. आम्हाला माहीतच नव्हतं. पद ऐकून ती बाई कोपीतून आली आणि दाराशी उभी राहून आमच्याबरोबर गायला लागली, सगळी कडवी तोंडपाठ, पुस्तक न बघता. हाताला उसाच्या पाल्याचे चरे होते. पुढच्या रविवारी नवराही आला. तिसरी मेणबत्ती त्यांच्या सहा वर्षांच्या मुलाने पेटवली, आणि चौथी पण मीच लावणार, असं त्याने सगळ्यांना बजावून ठेवलं. शनिवारी मुकादमाने तळ हलवला. रविवारी आम्ही आलो तेव्हा रानात चुलींची राख आणि पाचट तेवढं होतं. चौथी मेणबत्ती त्या दिवशी कुणी पुढे होऊन लावेना. शेवटी आमच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजी उठल्या, त्या मुलाचं नाव घेऊन प्रार्थना केली आणि लावली. पहिली मेणबत्ती तोवर बोटभर उरली होती. ती मधेच विझली, तर आजींनी घरून दिवाळीची पणती आणवून तिच्या जागी ठेवली.

तुम्हाला यायचं असेल तर नाताळच्या दिवशी येऊ नका, तेव्हा पुण्या-मुंबईची मुलं आलेली असतात, गर्दीत बोलणं होत नाही. पहिल्या रविवारी या. कोल्हापुरातून एसटीने पाऊण तास लागतो. परतीची शेवटची गाडी चुकेल, पण आमच्यातलं कुणीतरी मोटारसायकलवरून सोडेल. थंडी असते, नदीकडून वारं येतं, स्वेटर आणा. आणि तुमच्या मंडळीत आगमनकाळाचं एखादं गाणं म्हणत असाल तर ते पाठ करून या. पेटीवाला सूर धरेल.